खांबासारख्या निवडुंगाचे कुंपण करताना रोपांत किती अंतर ठेवावे?
अंतर ठेवूच नये. कलमे एकमेकांना खेटून लावावीत, कारण हा निवडुंग सरळ वर वाढतो, त्याला बाजूच्या फांद्या क्वचितच फुटतात आणि राहिलेली फट भरून यायला वर्षे लागतात. मध्य मेक्सिकोत ‘ऑर्गानो’ची (या निवडुंगाचे तिथले नाव) कुंपणे अशीच लावतात, मेक्सिको सिटीतील चित्रकार दिएगो रिव्हेरा व फ्रिदा काहलो यांच्या स्टुडिओ-घरांभोवतीचे कुंपण त्याचा प्रसिद्ध नमुना आहे. सुमारे १ मीटर लांबीचे तुकडे कापून छेद पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे साधारण २ ते ३ आठवडे, सावलीत ठेवावेत. ओला छेद जमिनीत गेला की कुजतो. मात्र कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात, उंच वरंबा आणि पाण्याचा चटकन निचरा होणारी मुरमाड माती नसेल, तर हा खटाटोप न केलेलाच बरा.