बोअरची पंपिंग टेस्ट दोन तास मस्त चालली, मग एप्रिलमध्ये पाणी का तुटलं? (पुणे, सोसायटीची बोअर)

दोन तासांत पंपाने मुख्यतः बोअरमध्ये साठलेलं पाणी आणि एखाद-दुसरी भेग उपसली. त्यावरून उन्हाळ्याचा अंदाज निघत नाही. पुण्याखाली बसाल्टचे थरावर थर आहेत. पाणी मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. टेस्टवरून अंदाज काढायचं थाइस या भूजलतज्ज्ञाचं १९३५ सालचं सूत्र मात्र एकसंध, अमर्याद पसरलेला जलधर (पाणी धरणारा खडकाचा थर) धरून चालतं. म्हणून नुसता आकडा मागू नका, आलेख मागा: वेळ लॉग स्केलवर (१, १०, १००, १००० मिनिटं सारख्या अंतरावर), पातळीतली घट साध्या.

समजा १० ते १०० मिनिटांत पातळी २ मीटर उतरली आणि १०० ते १००० मध्ये ४, तर आलेखातल्या रेघेचा उतार दुप्पट झाला. म्हणजे बहुधा एका बाजूला पाणी न देणारी कडा लागली. पातळी धाडकन कोसळली तर ती मुख्य भेगेच्या खाली गेली असावी. रेघ सपाट झाली तर लगेच पेढे वाटू नका! आमच्याकडे उपशाचा पाइप बोअरशेजारच्या बागेतच सोडला होता, तेच पाणी मुरून परत येत होतं.

पुढची टेस्ट मे महिन्यात, निदान २४ तास घ्या. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात भरते, तेही लिहून ठेवायला सांगा.