गेम अडखळतोय? आधी केबल बघ
अरे, लगेच विंडोज पुन्हा टाकू नकोस, नवीन ग्राफिक्स कार्ड तर मुळीच घेऊ नकोस. आधी पीसीच्या मागे वाकून बघ. मॉनिटरची केबल वर, यूएसबीच्या शेजारी मदरबोर्डला लावली आहेस, की खाली ग्राफिक्स कार्डला? वर असेल तर तुझं चांगलं कार्ड बहुधा नुसतं बसून आहे. नवख्यांची ही चूक मी फार वेळा पाहिली आहे.

ते ठीक असेल तर:
- डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते बघ. १४४ हर्ट्झचा मॉनिटर बरेचदा ६० वरच राहतो.
- रॅमच्या दोन पट्ट्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्याच खाचांत हव्यात. चार खाचा असतील तर बहुधा दुसरी आणि चौथी.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि गेममधल्या त्याच जागी उभं राहून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात) बघ. ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे भाग ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचं, नंतर बोलू.