ससा, गिनी पिग आणि बजी यांच्यासाठी कोणते खाद्यपदार्थ विषारी असतात?

तुमच्या घरात एक ससा, दोन गिनी पिग आणि बजी या लहान पोपटांची एक जोडी आहे. माणसांच्या खाण्यातले कोणते पदार्थ त्यांना घातक ठरतात आणि असा पदार्थ अगदी थोडासा दिला तर चालतो का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे ससे आणि लहान पक्षी सांभाळते आहे, त्या आधारावर उत्तर देते. सुरुवात प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून करते, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात ‘थोडासाच तर दिला’ याच समजुतीतून घडले आहेत.

बजीचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते. आपण ज्याला चमचाभर म्हणतो ते ५ ग्रॅम खाणे ३० ग्रॅमच्या पक्ष्याच्या वजनाचा सहावा हिस्सा होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाने एका बैठकीत १० किलो खाण्यासारखे. गिनी पिग किलोच्या आसपास आणि ससा त्याहून थोडा मोठा असला, तरी त्यांच्यासाठीही आपल्या हाताचा अंदाज कामाचा नाही. त्यात प्रत्येक प्राण्याचे शरीर वेगळे चालते. एखादा पदार्थ माणसाला किंवा कुत्र्याला सोसतो एवढ्यावरून तो सशाला किंवा पोपटाला सोसेल, असे मुळीच म्हणता येत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत सर्वांत आधी लक्षात ठेवायचा पदार्थ म्हणजे ॲव्होकाडो. त्यात पर्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते पाने, साल, बी व गर या सगळ्यांत कमीअधिक प्रमाणात सापडते. बजींना १ ग्रॅम गर दिल्यावर ते अस्वस्थ होऊन स्वतःची पिसे उपटू लागल्याची, आणि ८.७ ग्रॅम कुस्करलेला गर दिल्यावर ४८ तासांच्या आत दगावल्याची नोंद पशुवैद्यकात आहे. पर्सिन हृदयाच्या स्नायूंवर घाव घालते, हृदयाभोवती आणि फुप्फुसांत पाणी साचते, मान व छातीजवळची त्वचा सुजते. असा पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खालीवर होऊ लागते. या विषावर उतारा नाही. ससे आणि गिनी पिग यांनाही ॲव्होकाडो बाधतो. दूध पाजणाऱ्या मादीच्या स्तनांना त्यामुळे सूज येते. काही जातींच्या गरात पर्सिन कमी असते हे खरे, पण हातातले फळ कोणत्या जातीचे आहे हे घरी ओळखण्याचा भरवशाचा मार्ग नाही, म्हणून ॲव्होकाडो पूर्ण वर्ज्य मानावा असे माझे स्पष्ट मत आहे.

चॉकलेटमधील थिओब्रोमिन आणि चहा-कॉफीतील कॅफीन ही एकाच कुळातली द्रव्ये आहेत. हृदयाचे ठोके अनियमित होणे, अंगाला कंप सुटणे, झटके येणे असा त्यांचा क्रम असतो. चॉकलेट जितके गडद तितके थिओब्रोमिन अधिक, आणि कोकोच्या पुडीत ते सर्वांत जास्त असते.

येथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. ससा, गिनी पिग, हॅमस्टर आणि उंदीर यांना उलटी करता येत नाही. त्यांच्या शरीराची रचनाच तशी आहे. पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याचा हा मार्ग त्यांना मुळातच बंद असल्यामुळे, कुत्र्यासाठी कुठेतरी वाचलेले उलटी करवण्याचे उपाय या प्राण्यांवर करू नयेत. मिठाचे पाणी पाजल्याने तर विषबाधेत मिठाच्या बाधेची भर पडते.

कांदा, लसूण, पातीचा कांदा या कुळातील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात; पेशी फुटतात आणि प्राण्याला रक्तक्षय होतो. शिजवल्याने हा दोष जात नाही. वाळवलेल्या पुडीत तो उलट एकवटतो, त्यामुळे मसाला घातलेला कोणताही पदार्थ ‘कांदा तर दिसत नाही’ म्हणून देऊ नये. लक्षणे काही दिवसांनी दिसू लागतात, तोपर्यंत काय खाल्ले होते हे घरातल्यांच्या ध्यानातही राहिलेले नसते. हिरड्या फिकट पडणे, मलूलपणा आणि लालसर-तपकिरी लघवी या खुणांकडे लक्ष द्यावे. सशाची लघवी निव्वळ पाल्यातील रंगद्रव्यांमुळेही नारिंगी किंवा लाल दिसू शकते, तेव्हा केवळ रंगावरून घाबरून जाऊ नये. तो प्राणी खातो आहे का आणि हिंडतो आहे का, हे सोबत पाहावे.

सफरचंदाच्या बिया तसेच पीच, चेरी, जर्दाळू यांच्या आठळ्यांतील गर चावला गेला की त्यातून सायनाइड तयार होते, त्यामुळे फळ देताना बी काढून टाकावी. हिरवा पडलेला किंवा मोड आलेला बटाटा, टोमॅटोची पाने व देठ आणि कच्चा राजमा हेही दूर ठेवावेत. राजम्यातील विषारी प्रथिन पुरेशा उकळण्याने नष्ट होते, परंतु मंद आचेवर अर्धवट शिजलेला दाणा कच्च्याइतकाच धोक्याचा असतो. मद्य आणि खारवलेले पदार्थ यांविषयी वेगळे सांगायला नको.

ही झाली नावाजलेली विषे. मला स्वतःला याहून जास्त काळजी वाटते ती पाव, बिस्किटे, नाश्त्याची गोड धान्ये आणि दह्याच्या गोड गोळ्या यांची, कारण या वस्तूंना कोणी विष समजत नाही आणि त्यांतल्या काही तर पाकिटावर सशाचे चित्र छापून विकल्या जातात. ससा आणि गिनी पिग यांच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सीकम नावाची मोठी पिशवी असते. तेथे जिवाणू गवतातील तंतू आंबवतात आणि त्यातून प्राण्याला पोषण मिळते. तेथे अचानक साखर आणि पिष्ट पोहोचले की या जिवाणूंचा समतोल ढळतो, क्लॉस्ट्रिडियम जातीचे घातक जिवाणू माजतात आणि त्यांचे विष रक्तात उतरते. लहान वयाचा ससा यात एका दिवसात दगावू शकतो. आहाराचा मोठा भाग सुके गवतच असावे, या नियमामागचे कारण हेच आहे. फळ नखाएवढ्या तुकड्यापलीकडे नको, आणि गाजर हेसुद्धा खाऊ म्हणूनच द्यावे. आणखी एक इशारा याच कारणासाठी देते: घरात उरलेले अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक या दोन्ही प्राण्यांना तोंडावाटे दिल्यास ते उपयुक्त जिवाणूंनाच मारते आणि प्राणघातक ठरते.

पक्ष्यांना शेंगदाणे देत असाल तर बुरशीकडे लक्ष ठेवा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पिल्ले अज्ञात रोगाने मेली. शोध घेतल्यावर कारण त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत निघाले आणि त्यातूनच ॲफ्लाटॉक्सिन या यकृत पोखरणाऱ्या बुरशीजन्य विषाची ओळख झाली. खवट वास येणारा, सुरकुतलेला किंवा डाग पडलेला दाणा वेचून टाकण्यात समाधान मानू नये, सगळी पिशवीच टाकून द्यावी, कारण हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही.

पालकाला विषांच्या यादीत बसवणे मला पटत नाही. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून तो रोज देऊ नये, आलटून पालटून दिलेल्या पाल्यात कधीतरी चालतो. गिनी पिगला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व आहारातून मिळावे लागते. ते न मिळाल्यास त्याचे सांधे सुजतात आणि हिरड्यांतून रक्त येते. भीतीपोटी सगळा हिरवा पालाच बंद केला तर हे दुसरे संकट ओढवते. त्याच्यासाठी ढोबळी मिरची हा उत्तम स्रोत आहे. बिया आणि देठ काढून द्यावी.

तुमच्याकडे सरडे नाहीत, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असतील म्हणून सांगते: बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याला बागेतले किडे पकडून घालू नका. फोटिनस जातीच्या काजव्यात हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि एकच काजवा गिळून असे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा प्राणी अमेरिकेतल्या त्या किड्याला ओळखत नाही, समोर आला की गिळतो.

घातक काही खाल्ल्याचे दिसले तर उरलेला तुकडा काढून घ्या, किती कमी झाला आहे याचा अंदाज बांधा, शक्य असल्यास प्राण्याचे वजन करा आणि लक्षणांची वाट न पाहता लहान विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना फोन करा. पदार्थाचे पाकीट सोबत न्या, कारण त्यावरील घटकांवरून उपचाराची दिशा ठरते. दूध किंवा तेल पाजू नका. पक्ष्याला हवा खेळती राहील अशा खोक्यात, उबदार आणि शांत जागी ठेवा. सशापुढे आणि गिनी पिगपुढे गवत व पाणी राहू द्या आणि लेंड्यांवर नजर ठेवा. त्यांचा आकार लहान होत गेला किंवा त्या पडेनाशा झाल्या, किंवा प्राण्याने १२ तास काहीच खाल्ले नाही, तर रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नका.