लाल वर्तुळांची वही

‘दिवस पुरत नाही’ ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या नोकरदारांच्या बोलण्यात कधी ना कधी येतेच. पण ती लेखी पुराव्यासह मांडणाऱ्या या पहिल्याच. वय अडतीस, नोकरी लेखा विभागात, घरी पती आणि दोन शाळकरी मुले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांनी पर्समधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, कार्यालयाची कामे निळ्या शाईत, घरची हिरव्या शाईत आणि न झालेल्या प्रत्येक कामाभोवती लाल वर्तुळ. एका पानावर मी नऊ वर्तुळे मोजली. “मॅडम, यात माझं कुठे चुकतंय तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “मी आळशी तर नाही ना?”

आधी माझी चूक सांगते. महत्त्वाची आणि तातडीची कामे वेगळी काढण्याची नेहमीची पद्धत मी त्यांना समजावून दिली. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा वहीत जांभळ्या रंगाची भर पडली होती आणि रोज रात्री त्या रंगकामालाच वीस मिनिटे जात होती. ज्या व्यक्तीला आखणी उत्तम जमते, तिला मी आणखी आखणी शिकवत होते.

म्हणून पुढचा आठवडाभर काहीही आखायचे नाही, असे ठरले. काम सुरू करण्याआधी ते किती मिनिटांत होईल याचा अंदाज लिहायचा आणि झाल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ, एवढेच. ‘एका तासाच्या’ अहवालाला दोन तास दहा मिनिटे लागली होती. ‘पंधरा मिनिटांच्या’ पत्रव्यवहाराला चाळीस. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या प्रवृत्तीकडे 1979 मध्ये लक्ष वेधले होते. मराठीत तिला नियोजनभ्रम म्हणता येईल. पुढे 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे 34 दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात सुमारे 55 दिवस लागले. अंदाज बांधताना सगळे सुरळीत पार पडेल असे चित्र आपण डोळ्यांपुढे आणतो आणि मागच्या वेळी काय झाले होते ते विचारातच घेत नाही. बाईंच्या दिवसात चौदा कामे लिहिलेली असत, जागा आठांचीच होती. उरलेली सहा कामे लाल होणार हे सकाळीच ठरलेले असे, त्यात आळसाचा संबंध नव्हता. हे ऐकून त्या रडल्या. त्या दिवशी आम्ही दुसरे काहीच केले नाही.

नोंदींतून दुसरीही एक गोष्ट दिसली. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत त्यांनी कार्यालयाचे निरोप एकोणीस वेळा पाहिले होते आणि त्यावर प्रत्यक्ष काम केले होते जेमतेम दहा मिनिटे. अर्धवट सोडलेले काम मनात घोळत राहते, हा अनुभव सर्वांचाच आहे. मात्र 2011 मधील एका संशोधनातून असे दिसले की मनाची ही टोचणी थांबण्यासाठी ते काम पूर्णच व्हावे लागते असे नाही, ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरले तरी ती बरीच कमी होते. तेव्हा निघण्याआधी पंधरा मिनिटे नवे काम हाती घ्यायचे नाही आणि प्रत्येक अपुऱ्या कामापुढे उद्याची पहिली पायरी लिहायची, असे मी सुचवले. “शेवटची पंधरा मिनिटंच तर सगळ्यात धावपळीची असतात,” हा त्यांचा आक्षेप रास्त होता. मग आम्ही ती वेळ अर्धा तास अलीकडे घेतली. तीन आठवड्यांत एकोणीसचा आकडा पाचांवर आला.

घरचा प्रश्न मात्र घड्याळाने सुटणारा नव्हता. पतीही एकदा सोबत आले. “ही सांगते ते सगळं मी करतो,” असे ते प्रामाणिकपणे म्हणाले आणि ते खरेही होते. पण काय करायचे ते लक्षात ठेवणे, वेळेवर सांगणे आणि झाले का ते पाहणे हे काम बाईंकडेच राहत होते आणि त्यांच्या वहीत त्याचा एकही रकाना नव्हता. वेळेच्या नियोजनाबद्दल बोलणारे बहुतेक जण हे काम मोजतच नाहीत, आणि माझ्या मते बायकांचा दिवस सर्वांत जास्त तिथेच झिजतो. मदत वाढवण्याऐवजी एखादी जबाबदारी आठवणीपासून शेवटापर्यंत पूर्ण सोपवावी, असे आम्ही ठरवले. मुलांच्या शाळेचे सगळे, म्हणजे सूचना, शुल्क, पालकसभा, पतींकडे गेले. पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडून एक पालकसभा चुकली. बाईंनी मला लगेच फोन केला. शाळेचे काम परत आपल्याकडे घ्यायला त्या निघाल्याच होत्या. मी त्यांना एवढेच विचारले की, तुमच्याकडून कधी काही राहून गेले तेव्हा तुमच्याकडून ते काम कोणी काढून घेतले होते का? काम सोपवणे त्यांना जमले होते; दुसऱ्याच्या हातून ते आपल्याइतके नेटके होणार नाही हे सोसणे जड जात होते, आणि त्यावर आमच्या पुढच्या चार बैठका गेल्या.

सहा महिन्यांनंतरही महिनाअखेरचे तीन दिवस कोलमडतातच. हिशेब बंद करण्याचे ते दिवस असल्यामुळे त्यांना आम्ही हात लावलेला नाही. मात्र आता ते दिवस पतींच्याही कॅलेंडरमध्ये आधीपासून लिहिलेले असतात आणि त्या संध्याकाळी घरी लवकर कोणी यायचे, हे विचारावे लागत नाही.