मेडिकलच्या अर्जाआधीची सेवा: टाके घालायची घाई नको

मी न्यू जर्सीत डॉक्टर आहे आणि मेडिकलला अर्ज करणाऱ्या मुलांचे अर्ज बरीच वर्षं वाचून देतो. उन्हाळी सुट्टी जवळ आली की इथल्या आणि तिकडच्या मराठी घरांतून स्वयंसेवेबद्दल तेच ते प्रश्न येतात, म्हणून यंदा एकत्र उत्तरं देतो आहे.

मुलगा बारावीत आहे. स्वयंसेवेचं प्रमाणपत्र असलं तर एमबीबीएसच्या प्रवेशाला फायदा होतो असं ऐकलं. एकजण पैसे घेऊन मिळवून देतो म्हणतो. (लातूर)

नाही, महाराष्ट्रात प्रवेशाची गुणवत्ता यादी नीटच्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर लागते. पैसे देऊ नका.

मंडळाच्या गणपतीत एकजण म्हणाले, अमेरिकेत सेवेचे ५०० तास भरल्याशिवाय मेडिकलचा अर्ज बघतच नाहीत. मुलीला अर्ज करायचाय. खरं का? (एडिसन)

सगळ्या कॉलेजांना लागू असा कुठलाही आकडा नाही. काही कॉलेजं आपली अपेक्षा वेबसाइटवर लिहितात, ती तिथे जाऊन वाचा. गणपतीतल्या गप्पांवर मुलीची दोन वर्षं ठरवू नका. अ‍ॅमकॅसच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठी एकत्र भरायच्या अर्जात केलेल्या कामांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात आणि त्यातल्या ३ सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडता येतात. त्या तिन्हींसाठी नेहमीच्या ७०० अक्षरांशिवाय आणखी १,३२५ अक्षरांची जागा मिळते. बारा ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस जाऊन आलेल्या मुलीकडे त्या जागेत लिहायला काही नसतं. दीड वर्ष दर गुरुवारी एकाच ठिकाणी गेलेलीला जागा पुरत नाही.

माझ्या भावाचं कोल्हापूर जिल्ह्यात नर्सिंग होम आहे. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तिला टाके, इंजेक्शन शिकवतो म्हणतो. अर्जात वजन पडेल ना? (डॅलस)

पडेल, पण उलट्या बाजूला. चांगली मुलं याच खड्ड्यात पडताना मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डॅलसमध्ये तुमच्या लेकीला कोणी रुग्णाच्या हाताला सुई लावू देणार नाही. मग कोल्हापूरकडच्या बाईचा हात काय सरावासाठी आहे? ती शेतावरची रोजंदारी बुडवून आलेली असते. ‘अमेरिकेच्या डॉक्टरीणबाई आल्यात’ म्हणून ती हात पुढे करते. ही पोरगी अजून बायोलॉजी शिकते आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. ती नको म्हणाली नाही, याला संमती म्हणत नाहीत. सुई शिरेतून निसटली, सलाइन बाहेर झिरपून हात टम्म फुगला, तर ते निस्तरायला लेक तिथे नसेल. ऑगस्टमध्ये ती परत आलेली असेल.

एका मुलाचा निबंध माझ्याकडे आला होता. पहिलीच ओळ: सुट्टीत भारतात मी अकरा जणांना टाके घातले. मी त्याला विचारलं, त्यातल्या एकाचं तरी नाव आठवतं का? त्याला एकही आठवेना. अर्ज वाचणाऱ्यांत डॉक्टर असतात, अशा ओळीवर ते थबकतातच. परदेशात रुग्णसेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, लेखी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या लेकीने वाचाव्यात आणि मामांनाही पाठवाव्यात. हजारो डॉलर घेऊन दोन आठवड्यांत ‘प्रत्यक्ष उपचारांचा अनुभव’ विकणाऱ्या कंपन्यांनाही हेच लागू आहे, आणि त्यांचा तर हा धंदाच आहे.

मामांकडे जाऊ नये असं मी म्हणत नाही. ओपीडीत बसावं, पण ‘ही विद्यार्थिनी आहे, बसली तर चालेल का’ हे प्रत्येक रुग्णाला विचारून. ते शॅडोइंग झालं, म्हणजे डॉक्टरांचं काम नुसतं बाजूला राहून पाहणं. अर्जात तसंच लिहावं. तिला मराठी येतं, हे तिचं खरं भांडवल. एकट्या आलेल्या आजींना रक्त तपासायला घेऊन जावं, त्यांच्याजवळ बसावं. रुग्णांचे फोटो मात्र काढू नयेत. आणि तिकीट काढण्याआधी तिच्या प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायजरशी, म्हणजे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांना कॉलेजात सल्ला देणाऱ्यांशी, बोलून घ्या.

रविवारच्या मराठी शाळेत शिकवलेलं चालतं का? (बे एरिया)

चालतं. रुग्णांशी संबंध नसलेली सेवा म्हणून नोंदवा. रुग्णांसोबतचं काम वेगळं करावंच लागेल.

हॉस्पिटलने मला फक्त व्हीलचेअर ढकलायला आणि जेवणाचे ट्रे द्यायला ठेवलंय. हे सोडून दुसरं बघू का? (शिकागोचा विद्यार्थी)

सोडू नकोस. माझ्या ओळखीची एक मुलगी वृद्धाश्रमात ट्रे वाटायची. पक्षाघात झालेल्या एका आजोबांचं ताट रोज अर्धं परत यायचं, सगळे म्हणायचे भूक नाही. तिच्या लक्षात आलं की ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ असते आणि डावीला हातही लागलेला नसतो. तिने स्वतः काही केलं नाही, नर्सला सांगितलं. डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की असं होऊ शकतं. दुसऱ्या दिवसापासून नर्स जेवताना मध्येच ताट फिरवून ठेवू लागल्या. तू ट्रे ठेवून लगेच निघतोस की क्षणभर थांबतोस? सहा महिन्यांनीही रुग्णांशी बोलायला मिळत नसेल, तर व्हॉलंटियर विभागाला भेटून वॉर्ड बदलून माग.

मे महिन्यात अर्ज भरायचा आहे, आता जानेवारी आहे, सेवेचं अजून काहीच झालेलं नाही. एकदम चार ठिकाणी सुरू करू का? (अटलांटा)

एकच ठिकाण धर, आणि आजच. क्षयाची तपासणी, लसींचे दाखले, पूर्वइतिहासाची पडताळणी यातच हॉस्पिटलं कित्येक आठवडे घेतात. मार्चमध्ये काम सुरू करून मेमध्ये अर्ज टाकलास तर ती घाई तारखांवरूनच दिसेल. वर्षभर थांबून अर्ज करायचा का, हे अ‍ॅडव्हायजरसमोर बसून ठरव. त्यांची वेळ याच आठवड्यात घे. एप्रिलमध्ये ती मिळत नाही.