नसेतली गाठ : कोणता एमआरआय, आणि सुई का नको?

प्रश्न : महिनाभरापासून यजमानांचं डावं पाऊल वर उचललं जात नाही, चालताना चप्पल निसटते. कमरेच्या एमआरआयमध्ये काही निघालं नाही. सोनोग्राफीत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नसेत पाण्याची गाठ दिसली. आता पुन्हा एमआरआय सांगितलाय. सुईनं पाणी काढून भागणार नाही का? – एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : एमआरआय करून घ्या, सुईची घाई करू नका. गुडघ्याखाली बाहेरून हाताला लागतं ते फायब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं. त्याखालच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नस (इथे नस म्हणजे मज्जातंतू) जाते. पाऊल उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. नसेच्या आतली गँगलियन, म्हणजे द्रव भरलेली, गाठ सर्वांत जास्त इथेच आढळते. तिच्यातला द्रव बहुधा शेजारच्या टिबिया (नडगीचं हाड) आणि फायब्युलाच्या छोट्या सांध्यातून, त्या सांध्याकडे जाणाऱ्या नसेच्या बारीक फांदीतून आत शिरतो. तो जेलीसारखा घट्ट असतो, सुईत नीट येत नाही. आला तरी वाट उघडीच राहते आणि गाठ पुन्हा भरते.

ही वाट दाखवणं हेच एमआरआयचं खरं काम. चिठ्ठीवर नुसतं ‘गुडघा’ असेल तर सगळं लक्ष लिगामेंट आणि मेनिस्कसवर (गुडघ्यातल्या गादीवर) जातं. म्हणून ‘पेरोनियल नस, वरचा टिबिया-फायब्युला सांधा आणि फायब्युलाची मान’ असं लिहून घ्या. आडवे छेद पातळ, साधारण ३ मिमीचे हवेत. टी-वन आणि चरबी दाबलेला (चरबीची चमक घालवलेला) टी-टू, एमआरआय चित्रांच्या या दोन्ही पद्धती हव्यात. गाठ टी-टूवर पांढरी, नसेच्या रेषेत लांबट दिसते, आणि सांध्याकडे जाणारी तिची शेपटी सापडली की निदान जवळजवळ पक्कं. श्वानोमासारखी नसेची भरीव गाठही टी-टूवर पांढरी दिसते, फसगत होते ती इथे. शंका राहिली तर कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं इंजेक्शन) देतात : पाण्याची गाठ फक्त कडेनं उजळते, भरीव गाठ आतूनही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या.

नडगीपुढचा स्नायू टी-टूवर उजळ असेल तर इजा तुलनेनं ताजी. टी-वनवर त्यात चरबी दिसली तर जुनी. म्हणून उशीर नको. सोबत एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगानं जातो ते पाहणारी चाचणी) करा. शस्त्रक्रियेत गाठ रिकामी करण्याइतकंच ती सांध्याची फांदी बंद करणं महत्त्वाचं असतं. सर्जनना हे आधीच विचारा. तोवर मांडीवर मांडी टाकून किंवा उकिडवं बसू देऊ नका, नस आणखी दबते. पाऊल अडखळून पडू नये म्हणून घोट्याचा स्प्लिंट लावा.