फोन एकच, मतं मात्र दोन टोकांची

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्राबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. हा फोन जानेवारी २०२४ मधला. भारतात त्याची सुरुवातीची किंमत १,२९,९९९ रुपये होती. पुढची पिढी आल्यावर त्याचा भाव उतरला, वापरलेले फोनही मिळू लागले आणि ज्यांच्या आवाक्यात तो नव्हता अशी घरंही आता त्याचा विचार करू लागली. एवढे पैसे घालताना माणूस चार जणांना विचारणारच, आणि इथे चार जण चार गोष्टी सांगतात. म्हणून या वेळचं सदर बहुतेक याच फोनसाठी.

प्रश्न : ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा वर्षभर वापरलेला एस२४ अल्ट्रा मिळतो आहे. काही जण म्हणतात अशी स्क्रीन दुसऱ्या कुठल्याच फोनला नाही, काही म्हणतात रंग फिके आहेत. कोणाचं खरं मानू? – एक वाचक, पुणे

दोघांचंही खरं आहे, फक्त मत कधीचं आहे ते बघा. ३१ जानेवारी २०२४ ला विक्री सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात रंगांबद्दल तक्रारी आल्या. सॅमसंगच्या आधीच्या फोनवरचे भडक लाल-हिरवे रंग पाहायची सवय झालेल्यांना हा पडदा मलूल वाटला. कंपनीने रंग मुद्दाम सौम्य ठेवले होते. पण ओरड वाढली तेव्हा फेब्रुवारीतल्या अपडेटमध्ये रंगांचा भडकपणा कमी-जास्त करायची पट्टी दिली. ती सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या आत, स्क्रीन मोडच्या प्रगत पर्यायांत सापडेल. म्हणजे त्या पहिल्या दिवसांतली 'फिके रंग' ही तक्रार तेव्हा बरोबर होती. आज ती तशीच्या तशी धरायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या फोनला कॉर्निंगची गोरिल्ला आर्मर काच आहे. साध्या काचेच्या तुलनेत तिच्यावरचं प्रतिबिंब ७५ टक्क्यांपर्यंत कमी होतं, असं कंपनी सांगते. भर दुपारी साइटवर उभं राहून नकाशा बघणारा इंजिनिअर, मोटारसायकलवरून माल पोचवणारा मुलगा अशी माणसं या स्क्रीनवर खूश आहेत. रात्री घरी पलंगावर पडून फोन बघणाऱ्याला मात्र त्यात विशेष काही जाणवत नाही, आणि तोही खोटं बोलत नाही. त्यात आपल्याकडे फोन हातात पडला की दुकानातच त्यावर दोनशे रुपयांची काच चिकटवतात. त्या साध्या काचेवर प्रकाश पुन्हा पूर्वीसारखा चमकतो, म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच झाकला जातो. 'यात वेगळं काय आहे?' असं कोणी म्हणालं तर आधी त्याच्या फोनवर कुठली काच आहे ते विचारा. काच लावायचीच असेल तर प्रतिबिंब रोखणारी लावा. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर स्क्रीनखाली आहे आणि तो अल्ट्रासॉनिक आहे. जाड काचेखाली तोही अडखळतो.

फोन घेण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा, बिलावरच्या आकड्याशी ताडून घ्या. मग इंग्रजीत KYM, एक मोकळी जागा आणि तो आकडा असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथे कळतं. ओळखीचा माणूस असला तरी एवढं करा, त्याला राग येणार नाही. सॅमसंगने या मॉडेलला सात वर्षं अपडेटचं वचन दिलं आहे. त्यातली गेलेली वर्षं वजा करून भाव ठरवा.

प्रश्न : मित्र याच फोनने चंद्राचे फोटो काढतो, सगळे थक्क होतात. माझ्याकडेही तोच फोन आहे, पण दोन वर्षांच्या मुलीचा एक फोटो धड येत नाही, सगळे हललेले. माझा पीस खराब आहे का? – एक बाबा, नाशिक

पीस खराब असण्याची शक्यता कमी. चंद्र ठळक उजेडातला, जवळजवळ स्थिर विषय आहे. तुमची लेक तशी नाही. घरात एका ट्यूबलाइटच्या उजेडात फोन एका फोटोसाठी समजा सेकंदाचा पंचविसावा भाग प्रकाश घेतो. तेवढ्यात सेकंदाला एक मीटर वेगाने हलणारा हात चार सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तो फोटोत पुसटच येणार. शिवाय हा फोन बटण दाबल्यावर एकामागोमाग अनेक चित्रं घेऊन त्यांचा एक फोटो करतो. त्यात क्षण निसटतो ही तक्रार बऱ्याच पालकांनी केली आहे आणि ती मला रास्त वाटते. २०० मेगापिक्सेलच्या आकड्याला इथे भुलू नका. एरवी १६ पिक्सेल मिळून एक होतो आणि हातात १२ मेगापिक्सेलचाच फोटो येतो.

उपाय आहेत. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये गुणवत्तेऐवजी वेगाला प्राधान्य द्या. गॅलेक्सी स्टोअरमधून कॅमेरा असिस्टंट हे सॅमसंगचंच अॅप घ्या. त्यात बोट उचलल्यावर नव्हे, टेकवताक्षणी फोटो निघेल असा पर्याय आहे. आणि मुलीला खिडकीशी आणा. सकाळी नऊच्या उजेडात खिडकीजवळ काढलेला फोटो आणि रात्रीचा फोटो शेजारी ठेवून बघा, एकाच फोनचे वाटणार नाहीत.

झूमवरही असेच दोन तट आहेत. आधीच्या एस२३ अल्ट्राला दहापट झूमची वेगळी भिंग होती, १० मेगापिक्सेलची. एस२४ अल्ट्रामध्ये तिच्याजागी पाचपट झूमची ५० मेगापिक्सेलची भिंग आली. पाच ते दहापटीत, विशेषतः उजेड कमी असताना, मला नवीच आवडते. त्याच्या पलीकडे, लख्ख उन्हात, जुन्या भिंगेचे चाहते नाराज आहेत आणि त्यांच्याकडे कारण आहे. भिगवणला नावेतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपायला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की दूरच्या पाखरासाठी लांब भिंगेचा कॅमेराच हवा.

प्रश्न : माझं मनगट दुखतं. दुकानदार म्हणतो अल्ट्रा टायटॅनियमचा आहे, हलका आहे. घेऊ का? – शिक्षिका, सांगली

ताई, चौकट टायटॅनियमची असली तरी फोन २३२ ग्रॅमचा आहे, वर कव्हर वेगळं. घेऊ नका. त्याच मालिकेतला साधा एस२४ आहे १६७ ग्रॅमचा, ६.२ इंची, आणि त्यालाही सात वर्षांचे अपडेट आहेत. अल्ट्रातला पेन आणि लांबचा झूम मिळणार नाही, आणि भारतात तो आला तेव्हा त्यात कंपनीची स्वतःची एक्सिनॉस चिप होती. मनगटापुढे या गोष्टी गौण आहेत.

प्रश्न : सगळे अल्ट्राच्या स्क्रीनचं कौतुक करतात, मला मात्र रात्री अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं. नवरा म्हणतो मनाचे खेळ. जुन्या स्वस्त फोनवर असं होत नव्हतं. – एक वाचक, ठाणे

मनाचे खेळ म्हणून हे सोडून देऊ नका. तुमचा जुना फोन बहुधा एलसीडी असावा. त्यात मागचा दिवा मंद होतो. अल्ट्राची स्क्रीन ओएलईडी आहे, म्हणजे तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. ती उजेड कमी करताना सेकंदाला काही शे वेळा उघडझाप करते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण काही जणांना तिचा त्रास होतो. बहुतेकांना होत नाही, म्हणून ते कौतुक करतात आणि तुम्हाला एकटं पडल्यासारखं वाटतं.

करून बघण्यासारखं हे : रात्री ब्राइटनेसची पट्टी अगदी खाली नेऊ नका. ती मध्यावर ठेवा आणि 'एक्स्ट्रा डिम' चालू करा. त्याने चित्र गडद होतं, उघडझाप मात्र तेवढी तीव्र राहत नाही. खोलीत दिवा असू द्या. आठवडाभरात फरक पडला नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, चष्म्याचा नंबरही बदललेला असू शकतो. पुढचा फोन घेताना दुकानात त्याचा उजेड कमी करून वीस मिनिटं वाचत बसा. दुकानदाराला घाई असली तरी बसा. परत करण्याची सोय आहे की फक्त बदलून देतात, हेही आधी विचारा.

प्रश्न : वेगळ्या कंपनीचा महागडा फोन. वॉरंटी संपून पाच महिने झाले आणि अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. सर्व्हिस सेंटर नव्या स्क्रीनचे चौदा हजार मागतं. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

लगेच पैसे भरू नका. ही रेघ अॅमोलेड, म्हणजे ओएलईडीच्याच एका प्रकारच्या, पडद्यांचा जुना आजार आहे. पिक्सेलच्या एका उभ्या ओळीला आज्ञा देणारा जोड कुठेतरी सुटतो आणि ती ओळ पेटलेलीच राहते. अपडेटच्या वेळी फोन बराच वेळ तापतो. आधीच कमकुवत झालेला जोड तेव्हा दगा देऊ शकतो. त्यामुळे 'अपडेटने रेघ आली' आणि 'हा हार्डवेअरचा दोष आहे' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

भारतात या दोषावर काही कंपन्यांनी वॉरंटीनंतरही स्क्रीन मोफत बदलून दिल्या आहेत. सॅमसंगने आपल्या काही जुन्या महागड्या मॉडेल्ससाठी तशी सवलत दिली, वनप्लसने हिरव्या रेघेसाठी स्क्रीनला आजन्म हमी जाहीर केली. तुमच्या कंपनीला हे दाखले देऊन लेखी ईमेल करा. फोन पडलेला नाही, पाण्यात गेलेला नाही, हे लिहा. रेघेचे फोटो, बिल आणि सर्व्हिस सेंटरचं जॉबशीट जोडा. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. वकील लागतोच असं नाही. मला या बाबतीत राग एवढ्याचसाठी येतो की माणसं दोष स्वतःवर घेतात, 'आपलंच नशीब' म्हणतात आणि मुकाट पैसे भरून येतात.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, कामानिमित्त बंदरावर असतो. अल्ट्राला आयपी६८ हा पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा आहे, म्हणजे समुद्रात चालेल ना? पावसात टचही नीट चालत नाही. – एक वाचक

समुद्रात नको. ती चाचणी गोड्या पाण्यातली, दीड मीटर खोलीपर्यंत, तीस मिनिटांची असते. खारं पाणी चार्जिंगची जागा खातं आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. खारं पाणी उडालं तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

टचचं म्हणाल तर स्क्रीन बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार ओळखते आणि पाण्याचा थेंबही तिला बोटासारखाच भासतो. हा दोष सगळ्याच फोनमध्ये आहे. अल्ट्राच्या पोटातला एस पेन मात्र वेगळ्या, चुंबकीय क्षेत्राच्या तत्त्वावर चालतो, त्यामुळे ओल्या काचेवरही तो ऐकतो. लिहिण्यासाठी त्याला बॅटरीही लागत नाही. भरपावसात पावती फाडायची असेल तर पेन काढा.

प्रश्न : आई सत्तरीची, फक्त मराठी जाणते. अल्ट्राच्या जाहिरातीतलं, फोनवरच्या बोलण्याचं भाषांतर तिच्या कामाचं आहे का? – मुलगी, बंगळूरु

हा फोन बाजारात आला तेव्हा त्या सोयीत १३ भाषा होत्या. हिंदी होती, मराठी नव्हती. केवळ त्यासाठी आईला हा फोन घेऊ नका. तिला खरा उपयोग गूगलच्या कीबोर्डचा होईल : मराठीत बोललं की तो लिहितो, आणि बोटाने किंवा पेनाने काचेवर मराठी अक्षरं काढली तरी ओळखतो. हे दहा-बारा हजारांच्या फोनवरही चालतं. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा कीबोर्ड मराठी करून द्या, अक्षरं मोठी करा आणि पहिला निरोप तिच्याकडूनच लिहून घ्या.